भोंदूबाबा, मदर तेरेसा आणि भलत्याच जागी अडकलेला वाद

मराठवाड्यात एखाद्या भोंदूबाबाला पोलिसांनी उचललं की पुढचे चार दिवस कोण काय बोलणार हे आता पाठ झालंय. एक जण जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढतो. दुसरा लगेच उसळतो, ‘मग मदर तेरेसांच्या लॉकेटनं पोटातली गाठ विरघळली ते चालतं का? तिथं तुमची दातखीळ बसते.’ तिसरा, बहुधा कॉन्व्हेंटात शिकलेला, सांगतो की आमच्याकडचे चमत्कार डॉक्टर तपासतात, तुमच्यासारखं नाही. चौथ्याला एवढा वेळ नसतो. देव, देवदूत, संत, बाबा, सगळंच थोतांड म्हणून तो मोकळा होतो. मग चहा संपतो आणि जो तो आपल्या जागी होता तिथंच असतो.

या चौघांची एक चूक सामाईक आहे. चौघंही चमत्कारांचीच तुलना करत बसलेत. कुणाचा खरा, कुणाचा खोटा, कुणाचा जास्त खोटा. माझ्या मते तुलना करायची तर त्या त्या परंपरेनं आपल्या घरातल्या शंकेखोराला कसं वागवलं याची करावी. त्याला काम दिलं, हाकलून दिलं, की कोर्टकचेऱ्यांत अडकवलं? या मापानं मोजलं तर कॅथलिक चर्चकडून घेण्यासारखं पुष्कळ निघतं, तिला जाब विचारण्यासारखंही तेवढंच निघतं, आणि ‘आपल्याकडं असलं काही नव्हतंच’ ही समजूतही टिकत नाही.

आधी एक गुंता सोडवू. ‘ख्रिस्ती लोक’ नावाचा एकच गठ्ठा मराठवाड्यात नाही. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फादर आले, १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ही कॅथलिक धार. जालन्यात त्याआधीच नारायण शेषाद्रींनी स्कॉटिश मिशनचं काम उभं केलं होतं. ती प्रॉटेस्टंट धार. एका घरात संतांना विनवणी चालते, दुसऱ्या घरात ती चक्क चूक मानतात. संतांच्या आणि ख्रिस्ताच्या वस्तू म्हणून पुजल्या जाणाऱ्या अवशेषांची सगळ्यात जहाल टर उडवली ती कुणा नास्तिकानं नव्हे, १५४३ साली जॉन कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकानं. ख्रिस्ताच्या क्रुसाचे म्हणून गावोगावी दाखवतात ते तुकडे गोळा केले तर जहाजभर लाकूड निघेल, असं त्यानं लिहून ठेवलंय. आज प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या ज्या चंगाई सभांवरून ओरड होते त्या बहुतांशी तिसऱ्याच मंडळींच्या असतात. चंगाई सभेचा हिशेब मदर तेरेसांच्या खात्यावर मांडायचा म्हणजे अंगारेधुपारे करणाऱ्याचा जाब पैठणच्या फडकऱ्याला विचारायचा. तरी आपण तो बिनदिक्कत विचारतो.

आता राखणदार देवदूतांचं घ्या. प्रत्येक माणसामागं देवानं एक दूत नेमलाय, ही कॅथलिक श्रद्धा. तिला आधार मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाचा, तिचा सण २ ऑक्टोबरला, आणि १६७० साली दहाव्या क्लेमेंट पोपनं तो सगळ्या चर्चसाठी लागू केला. कॅथलिक घरांत एक चित्र हमखास दिसतं: फळ्या तुटलेल्या पुलावरून बहीण-भाऊ चाललेत, खाली पाणी फेसाळतंय, मागं पंख पसरलेला देवदूत. आपल्याकडच्या काही घरांत त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर, कोट घातलेले बाबासाहेब असतात. दोन्ही फोटोंवरची धूळ एकाच फडक्यानं पुसली जाते.

या श्रद्धेमागची सगळ्यात सुरेख गोष्ट तोबीतच्या पुस्तकात आहे. (हे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही, म्हणजे जालन्यातल्या दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांपैकी एकालाच ही गोष्ट माहीत असण्याची शक्यता जास्त.) निनवे शहरातला म्हातारा तोबीत आंधळा झालाय. दूर गावी ठेवायला दिलेली रक्कम आणायला तो पोराला, तोबियाला, धाडतो. वाट माहीत असलेला सोबती हवा म्हणून एक तरुण रोजानं ठेवतात. तो आपलं नाव अजर्या सांगतो, घराणं सांगतो, मजुरी ठरते दिवसाला एक द्राख्मा आणि वरखर्च. घरचं कुत्रंही मागं निघतं. वाटेत मासा सापडतो, त्याच्या पित्तानं म्हाताऱ्याचे डोळे येतात, पोराचं लग्नही होतं. शेवटी बापलेक त्याला आणलेल्यातला निम्मा वाटा देऊ करतात, तेव्हा कळतं की हा राफाएल, देवापुढं उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी एक.

पैठणकरांना ही गोष्ट नवी वाटेल का? नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीनं पाणी भरतो, चंदन उगाळतो, उष्टी काढतो. द्वारकेहून एक ब्राह्मण शोधत येतो तेव्हा घरच्यांना कळतं की हा साक्षात श्रीकृष्ण होता. तोवर गडी निघून गेलेला असतो. षष्ठीच्या दिवसांत वाड्यातला तो रांजण भरायला आजही रांग लागते. घागरीमागून घागर ओतली जाते, आणि काठोकाठ भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. निनवेचा अजर्या रोजंदारीवर, पैठणचा श्रीखंड्या पोटावारी. देव किंवा देवाचा दूत दारात आला तर गड्याच्या वेषात येईल, तेव्हा गड्याशी नीट वागा: दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला हे न सांगता कळतं. संतचरित्राची आपली ही ओवीबद्ध रीत गोव्यातल्या जेझुइटांना, म्हणजे येशूसंघाच्या पाद्र्यांना, इतकी भावली की एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्यानं १६२९ साली संत पीटरचं पुराणच मराठी ओवीत लिहिलं.

तेव्हा श्रद्धेला हात लावू नका म्हणणाऱ्यांचं पहिलं म्हणणं मी मान्य करतो. पोराला झोपवताना आईनं राखणदार दूताची प्रार्थना म्हटली, कुणी रांजणात घागर ओतली, यात कुणाचं काय गेलं? कायदाही हेच मानतो. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा आला, त्यात होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, त्यांचा प्रसार करणं, कीर्तन, प्रवचन, वारी हे सगळं स्पष्टपणे वगळलंय. अट एवढीच की कुणाला इजा किंवा आर्थिक लुबाडणूक होऊ नये. गुन्हा ठरतो तो चमत्कार करून दाखवत पैसा काढणं, फसवणं, दहशत बसवणं. ‘हा कायदा वारकऱ्यांच्या मुळावर आलाय’ म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं रान उठवलं त्यांनी ते कलम एकदा तरी वाचायला हवं होतं.

मेलेल्या संताला मोकळीक आणि जिवंतावर नजर, ही रेघ चर्चनंही ओढलेली आहे, आणि फार आधीपासून. संतपदासाठी जो चमत्कार मोजतात तो त्या माणसाच्या मृत्यूनंतरचाच असावा लागतो. कारण उघड आहे: मेलेला माणूस दक्षिणा घेत नाही. जिवंत ‘संत’ काय करतो हे रोमला आठव्या शतकातच कळलं होतं. फ्रँक लोकांच्या मुलखात आल्डेबर्ट नावाचा एक जण फिरायचा. येशूनं लिहिलेलं पत्र आभाळातून पडलं आणि ते आपल्याकडं आहे, एका देवदूतानं आपल्याला पवित्र अवशेष आणून दिलेत, असं तो सांगे. स्वतःची नखं आणि केस भक्तांना प्रसाद म्हणून वाटी. पापं कबूल करायला आलेल्यांना म्हणे, सांगू नका, मला आधीच माहीत आहेत. ७४५ साली रोमच्या धर्मसभेत त्याची एक प्रार्थना वाचली गेली. तिच्यात उरिएल, रागुएल, तुबुएल असली आठ दूतांची नावं होती. सभेनं सांगितलं, देवदूतांची नावं आम्हाला तीनच ठाऊक आहेत, मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल, बाकीची सैतानाची. आल्डेबर्टची पुरोहितपदावरून हकालपट्टी झाली. तेराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आज आपल्याकडं कुठल्याही तालुक्यात मठ बांधून बसला असता, आणि उद्घाटनाला पुढारी आले असते. देवदूतांना मनाची नावं देऊ नयेत, ही सूचना व्हॅटिकननं २००१ साली पुन्हा दिली. आभाळातला दूत चालेल, पण त्याचा नंबर आपल्याकडंच आहे म्हणणारा एजंट चालणार नाही.

शंकेला नोकरी दिली तीही त्याच घरानं. पूर्वी संत गावोगावी लोकच ठरवत; पोपनं रीतसर घोषणा केल्याची पहिली नोंद ९९३ सालची, आउग्सबुर्गच्या उलरिकची. १५८८ मध्ये त्यासाठी खातं निघालं. आठव्या उर्बन पोपनं १६२५ मध्ये हुकूम काढला की ज्याला संतपद मिळालेलं नाही त्याच्या चित्राभोवती प्रभामंडळ काढायचं नाही आणि त्याचे चमत्कार परवानगीशिवाय छापायचे नाहीत. पुढं अशा चरित्रांत लेखकाला लिहून द्यावं लागे की यातले चमत्कार चर्चनं मान्य केलेले नाहीत, हे माणसाचं सांगणं म्हणून वाचा. संतपदाच्या प्रत्येक प्रकरणात उलट बाजू मांडायला अधिकारी असे. लोकांनी त्याचं नाव पाडलं सैतानाचा वकील. बेल्जियममधले बोलांडिस्ट जेझुइट १६४३ पासून संतचरित्रांची जुनी हस्तलिखितं तपासून छापू लागले. त्यांच्यातला पापेब्रोक म्हणाला की कार्मेल या संन्यासी संघाची स्थापना बायबलातल्या संदेष्टा एलियानं केली याला पुरावा नाही, तर १६९५ मध्ये स्पॅनिश इन्क्विझिशननं, म्हणजे तिथल्या धर्मन्यायालयानं, त्यांचे खंडच बंदी घालून ठेवले. वीस वर्षांनी बंदी उठली. पापेब्रोक त्याआधीच वारला होता.

हा सगळा खटाटोप कशाला, गोष्टी तर निरुपद्रवी असतात? सगळ्या नसतात. १४७५ साली इटलीतल्या ट्रेंट गावात सिमोन नावाचं लहान पोर मेलेलं सापडलं. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी मारलं अशी आवई उठली, ज्यूंचा छळ करून कबुलीजबाब घेतले, माणसं मारली. पोर संत ठरलं, त्याच्या चमत्कारांच्या याद्या झाल्या, शतकानुशतकं त्याची पूजा चालली. १९६५ साली चर्चनं ती बंद केली, कारण तिच्यातल्याच अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा तपासले होते. मघाशी मी रांजणाच्या घागरीवर ‘यात कुणाचं काय गेलं’ म्हटलं, ते याच अटीवर: गोष्टीतला खलनायक कोण आहे हे बघून.

आता कॉन्व्हेंटवाल्या मित्राकडं वळू. ‘आमचे चमत्कार डॉक्टर तपासतात’ हे खरं आहे, आणि अपुरं आहे. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानाचं उदाहरण चर्चच्या बाजूनं बोलतं: १८५८ पासून तिथं बरं झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले, चमत्कार म्हणून मान्य झाले ते सत्तर-बहात्तर. पण मदर तेरेसांचं काय झालं? मृत्यूनंतर पाच वर्षं थांबायचा नियम त्यांच्यासाठी शिथिल केला. पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ १९९८ मध्ये बरी झाली, तो चमत्कार धरून २००३ मध्ये त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. तिच्यावर बालूरघाटच्या सरकारी दवाखान्यात उपचार केलेले डॉक्टर सांगत होते की ही क्षयाची गाठ होती आणि गोळ्यांनी गेली. कोलकात्याच्या विवेकवाद्यांनी जाहीर आव्हान दिलं. तेव्हा ‘तिथं तुमची दातखीळ बसते’ हा आरोप खोटा आहे. पण त्या डॉक्टरांचं म्हणणं खोडण्याजोगा पुरावा चर्चनं लोकांपुढं ठेवला नाही हेही तितकंच खरं. तपासणारे डॉक्टर तिनंच नेमलेले, मतदान बंद दाराआड. सैतानाच्या वकिलाचे अधिकार १९८३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपनं छाटले, आणि त्यांच्याच काळात ४८२ संत घोषित झाले. शंकेखोराचं टेबल लहान केलं की फायली भराभर पुढं सरकतात, हे सांगायला रोमला जायला नको.

आणि मुंबईचं २०१२? विलेपार्ल्याच्या एका चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. सनल इडमारुकू या विवेकवादी कार्यकर्त्यानं जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळचा नाला तुंबलाय, भिंत पाणी ओढून घेतेय, तेच झिरपतंय. उत्तर काय मिळालं? माफीची मागणी आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी. कॅथलिक संघटनांनी केलेल्या. इडमारुकूंना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. चार शतकं शंकेला पगार देणाऱ्या घरानं दारात फुकट आलेल्या शंकेवर पोलिस सोडावेत, याचं समर्थन मला कुणी करून दाखवावं. चंगाईवाल्यांचे दोष काढणाऱ्या कॅथलिक मित्रांनी आधी या प्रकरणावर बोलावं.

चौथ्या, सगळंच थोतांड म्हणणाऱ्या मित्राचं म्हणणं खरं तर सगळ्यात वजनदार आहे, म्हणून ते शेवटी ठेवलं. तो म्हणतो: जिवंत आणि मेलेला, गोष्ट आणि दावा, हे तुमचे भेद पुस्तकी आहेत. रेडा वेद बोलला हे लहानपणी ज्यानं खरं मानलं, तोच मोठेपणी बाबाच्या अंगाऱ्यानं मूल होईल हेही खरं मानतो. जमीन गोष्टींनी नांगरली, पीक भोंदू काढतो. यात तथ्य आहे. पण उपाय काय? गोष्टी बंद करायच्या? तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लियोंजवळ बाया आजारी पोरं घेऊन ‘संत गिनफोर’च्या थडग्याकडं जात. एतिएन द बुर्बों या धर्माधिकाऱ्यानं चौकशी केली तर संत हा कुत्रा निघाला, सापापासून बाळ वाचवताना धन्याच्या गैरसमजातून मारला गेलेला. त्यानं हाडं उकरून जाळली, झाडं तोडली. पुढं सहाशे वर्षं बाया तिथं जातच राहिल्या. पोर तापानं फणफणलंय आणि वैद्य नाही, हे कारण जागेवर होतं. जिथं प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप असतं तिथं अंगाऱ्याची पुडी का खपते, याचं उत्तर ज्ञानेश्वरीत शोधू नका.

शिवाय गोष्ट वाचायची कशी? पैठणच्या नागघाटावर रेडा बोलला का, हा प्रश्न विचारणारे दोन्ही बाजूंचे लोक मला सारखेच कंटाळवाणे वाटतात. संन्याशाची पोरं शुद्धिपत्र मागायला आली आणि धर्मसभेनं त्यांना हिणवलं, हा त्या गोष्टीचा गाभा. ज्यांना त्या सभेत न्याय मिळाला नाही, त्यांच्या बाजूच्या लोकांनी पुढं गोष्टीत निकाल फिरवून घेतला, रेड्याच्या तोंडून. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर नाथांनी कडेवर घेतलं, त्या गोष्टीत तर चमत्काराची गरजही पडत नाही. रेडा काढून टाका म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की सभेची आठवण तो कुठं जपणार आहे.

आणि आपल्याकडचे शंकेखोर? तुकोबा स्वतःबद्दलच सांगून गेले, ‘दावूं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी’. तरी भक्तांनी त्यांच्या चरित्रात चमत्कार भरलेच, हा भाग वेगळा. पण मला यात सगळ्यात मोठं उदाहरण वाटतं ते बाबासाहेबांचं. मध्ययुगीन युरोपात संत योसाफतची कथा घरोघर माहीत होती: हिंदुस्थानातला राजपुत्र, बाप त्याला महालात कोंडून ठेवतो, तो एके दिवशी रोगी आणि म्हातारा बघतो, मरण काय ते समजतं, आणि राज्य सोडून ख्रिस्ती साधू होतो. रोमच्या संतयादीत २७ नोव्हेंबरला त्याचं नाव होतं. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या लक्षात आलं की ही गौतम बुद्धाचीच कथा आहे, अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करून आलेली. म्हणजे शेकडो वर्षं कॅथलिक जग नकळत बुद्धाला वंदन करत होतं. नेमका हाच प्रसंग, राजपुत्रानं पहिल्यांदा रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहिल्याचा, बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धचरित्राच्या प्रास्ताविकात नाकारला. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसानं म्हातारा पाहिला नव्हता हे बुद्धीला पटत नाही, असं त्यांनी म्हटलं, आणि गृहत्यागाचं कारण म्हणून शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढणाऱ्या माणसानं हे केलं, आणि तेही बुद्धाला शरण जाऊन. श्रद्धा सोडल्याशिवाय शंका घेता येत नाही, हे चौथ्या मित्राचं गृहीत इथं मोडतं.

मग करायचं काय? कॅथलिक चर्चनं चमत्काराच्या वैद्यकीय फायली, रुग्णाचं नाव झाकून, बाहेरच्या डॉक्टरांना खुल्या कराव्यात. आपल्याकडच्या संस्थानांनी आणि दर्ग्यांच्या विश्वस्तांनी निदान एवढं करावं की आपल्या संताचं नाव घेऊन, ‘अंगात महाराज येतात’ म्हणून कुणी दुकान मांडलं तर तक्रार द्यायला पहिलं त्यांनी जावं. अंगात दिव्य शक्ती असल्याचं भासवून लोकांना नादी लावणं कायद्याच्या अनुसूचीत आहेच. आजवर ही तक्रार बहुतेक वेळा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा एखादा कार्यकर्ता एकटा देतो आणि संस्थान गप्प बसतं.

‘त्यांचं आधी तपासा’ म्हणणाऱ्यांसाठी तर एक दार उघडंच आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही. संतपदाची चौकशी रोममध्ये सुरू होत नाही, तो माणूस जिथं वारला त्या धर्मप्रांतात सुरू होते. बिशपला तशी जाहीर सूचना काढावी लागते: या व्यक्तीबद्दल कुणाला काही माहीत असेल, बाजूचं किंवा विरुद्ध, तर कळवावं. साक्ष द्यायला कॅथलिक असण्याची अट नाही. मदर तेरेसांच्या प्रकरणात तर त्यांच्यावर जाहीर टीका करणाऱ्या ख्रिस्टोफर हिचेन्स या नास्तिक पत्रकाराला बोलावून जबानी घेतली गेली. शंभर-सव्वाशे वर्षांत मराठवाड्याच्या मातीत बरेच परदेशी फादर आणि सिस्टर पुरले गेलेत. उद्या त्यांच्यापैकी कुणाचं नाव पुढं आलं तर सूचना मराठीत लागेल, चर्चच्या फळ्यावर, आणि आजोबांनी सांगितलेलं खरंखोटं घेऊन गावातला हिंदू, मुसलमान, बौद्ध कुणीही तिथं जाऊन बसू शकेल.